काकांच्या रस्त्यानं, काकांच्या जावावर

जावाला किक मारायला वेगळा दांडा नसतो. डाव्या पायाशी जो गिअरचा दांडा असतो, तोच न्यूट्रलमध्ये आत दाबायचा, मागे वळवून उभा करायचा आणि त्यावरच किक मारायची. इंजिन पेटलं की दांडा पुन्हा पुढे, आपल्या जागी. तो परत गिअरचा होतो. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास उजव्या बाजूला वाकून किक शोधतो. साताऱ्यातल्या आमच्या अंगणात अशी वाकलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. काका त्यांना घाई करू देत नसत. आधी कार्ब्युरेटरवरची पिन दाबून पेट्रोल थोडं ओसंडू देत, मग स्वतः एक संथ, रिकामी किक मारून पिस्टन कुठे आहे ते पायाला कळू देत आणि नंतर दांडा त्या माणसाच्या पायाखाली देऊन म्हणत, "आता मारा. जोरात नको, पूर्ण मारा."

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांची १९६७ सालची मरून रंगाची जावा सांगलीला, थोरल्या लेकीकडे जायची होती. टेम्पोत घालून पाठवणं सोपं होतं. ताईनं फोनवर सांगितलं, "टेम्पो नको, चालवत आण. आणि हायवेनं येऊ नकोस. बाबांच्या रस्त्यानं ये."

साताऱ्याहून सांगलीला जाणारा माणूस एरवी महामार्ग धरून कराड ओलांडतो, पेठ नाक्याला डावीकडे वळतो आणि आष्ट्यावरून सांगलीत पोचतो. काका कराडलाच महामार्ग सोडत. तिथून ओगलेवाडी, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, पलूस, भिलवडी असा पुणे-मिरज रेल्वेलाईनच्या आजूबाजूनं, उसातून जाणारा त्यांचा रस्ता होता. वेळ जास्त लागे. पण त्यांच्या गाड्यांचे निम्मे भाग या रस्त्यावर तयार झालेले होते. कुठे क्रँक प्रेस करून मिळे, कुठे पितळेची बुश कातून मिळे, कुठे टाकीवर सोनेरी रेघ ओढून मिळे. जुन्या मोटरसायकली जिवंत करणारा माणूस म्हणजे आपल्या खोलीत एकटाच रमणारा छांदिष्ट, असं चित्र आपल्या मनात असतं. काकांच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. त्यांचा छंद या सगळ्या पट्ट्यानं मिळून सांभाळला होता.

जानेवारीतली सकाळ होती. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं, डिकीत डबा ठेवला आणि पहिली किक स्वतः मारायला मला बाजूला केलं. ही घरातली जुनी पद्धत. तिच्याविषयी पुढे सांगतो.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली. फ्रांटिशेक यानेचेक या कारखानदारानं १९२९ साली प्रागमध्ये ती बनवायला सुरुवात केली. भारतात तिला आणलं रुस्तम इराणी यांनी. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि १९६० नंतरच्या दशकात ही गाडी देशभर दिसू लागली. २४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, वीज अवघी ६ व्होल्टची. १९७३ पासून तिचीच पुढची पिढी येझदी या नावानं रस्त्यावर आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

आणि तिथून खरा प्रश्न सुरू झाला. गाड्या हजारोंनी शिल्लक, भाग मात्र बाजारातून आटत चाललेले. शहरातल्या लोकांनी त्या भंगारात दिल्या. जिथे लेथ होते, ओतशाळा होत्या, कानशीनं लोखंड सरळ करणारे हात होते, तिथे त्या टिकल्या. म्हैसूरला अर्थातच टिकल्या, आणि आमच्या कृष्णाकाठीही.

साताऱ्याला लोक पेन्शनरांचं गाव म्हणतात. काका ज्या साताऱ्यात वाढले ते यंत्रांचं गाव होतं. धनजीशा कूपर यांनी इथे नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं बनवणारा कारखाना चालवला. तेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, कारण तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून 'प्रिया' बाहेर पडू लागली. ज्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्या काळात आपल्या गावात स्कूटर बनते याचा सातारकरांना केवढा अभिमान होता! काका आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. दिवसा लेथवर दुसऱ्यांचे भाग कातायचे आणि संध्याकाळी घरच्या पडवीत स्वतःचं काम.

'संध्याकाळी' म्हणजे नेमकं कधी, याला घरात नियम होता. शिफ्ट संपवून आल्यावर आधी काकूंबरोबर चहा. मग दोन्ही मुलींच्या वह्या. पाढे म्हणून झाले, शुद्धलेखन तपासून झालं की पडवीतला दिवा लागे. मुलींना तिथे मज्जाव कधीच नव्हता. धाकटीकडे ब्रासो लावून इंजिनाची अॅल्युमिनियमची कव्हरं घासायचं काम, थोरलीकडे टॉर्च. टॉर्च धरणं हे हलकं काम नाही हे त्या पडवीत शिकायला मिळे. उजेड हातावर पडून चालत नाही, हात जिथे जाणार आहे तिथे आधी पडावा लागतो. म्हणजे पुढचा नट कोणता ते टॉर्च धरणाऱ्यालाही माहीत हवं. ताई दहावीला जायच्या आत टॉर्च धरूनच इंजिन शिकली.

पैशाचाही नियम होता. घरखर्चातला रुपया गाडीवर जाणार नाही. ओव्हरटाइम मिळाला तर त्यातला काही भाग. म्हणून एकेक गाडी उभी राहायला वर्षं लागत. माझ्या आठवणीत पडवीत नेहमी एखादी गाडी सांगाड्यावर असायची आणि तिचे भाग जुन्या बिस्किटांच्या डब्यांत, वर खडूनं नाव घालून ठेवलेले असायचे.

ही जावा त्यांना कोरेगावकडच्या एका डॉक्टरांच्या घरी मिळाली. डॉक्टर तिच्यावरून खेड्यापाड्यांत व्हिजिटला जात. ते गेल्यावर गाडी गोठ्यात गेली आणि सीटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसलेला. असा पिस्टन हातोड्यानं ठोकून सोडवायला गेलं तर ब्लॉकच जातो. काकांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि वाट पाहिली. रोज संध्याकाळी मागचं चाक गिअरमध्ये टाकून जरासं हलवायचं, हललं नाही तर पुन्हा रॉकेल. एके दिवशी चाक केसभर हललं आणि काकांनी काकूंना हाक मारून दाखवलं.

जावाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. झिजला की तो बोअर करून थोडा मोठा करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. हे दोन-चार वेळा करता येतं, पुढे भिंत पातळ होते. काका शक्य तितकं कमी कातायचे. "आपल्यानंतर पण कोणीतरी ही गाडी उघडणार आहे," हे त्यांचं कारण. माझ्या मते त्यांच्या कारागिरीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पुढच्या मिस्त्रीसाठी धातू शिल्लक ठेवणं.

गाडी तयार झाल्यावर ते ती घेऊन आधी डॉक्टरांच्या घरी गेले. त्यांच्या वृद्ध पत्नीला ओट्यावरून उतरवून, मुलाला हात धरायला सांगून, पहिली किक तिच्याकडून मारवली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन बोललं. त्यानंतर काकांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीची पहिली किक त्या घरातल्याच माणसानं मारायची, हा रिवाज पडला. लोकांच्या गाड्या ते सामानाच्या खर्चात करून देत. मजुरी घेत नसत. अट एवढीच, की गाडी न्यायला सगळ्या घरानं यायचं. काकू त्या दिवशी शिरा करत.

नागठाणे, काशीळ, उंब्रज. महामार्गावर जावा साठच्या पुढे न्यायची मला इच्छा झाली नाही. ऊसतोडणीचा हंगाम भरात असल्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघालेले. पंपावर थांबून पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेतलं, लिटरला साधारण ४० मिलिलिटर. टू-स्ट्रोकच्या क्रँकला वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जातं त्यावरच बेअरिंगं जगतात. पंपावरचा मुलगा विशीतला. त्यानं हे कधी केलेलं नव्हतं. शेजारच्या ट्रकवाल्यानं उतरून त्याला माप दाखवलं आणि गाडीभोवती एक फेरी मारून तिच्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या वडिलांची येझदी होती.

कराडात शिरताना नंबरप्लेटी एमएच ११ वरून एमएच ५० वर येतात. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी जरा थांबलो आणि मग गावातल्या पेंटरकडे गेलो. हा माणूस आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्यांवर नावं आणि देवांची चित्रं काढत आला आहे. जावाच्या टाकीवर, मरून रंग आणि क्रोम यांच्या सीमेवर जी सोनेरी रेघ असते ती त्याची. ती स्टिकरनं लावता येते. बहुतेक लोक तेच करतात. काकांना हातानं ओढलेली हवी असे, कारण म्हैसूरला ती हातानंच ओढली जायची. त्यानं टाकी पाहिली, बोटानं रेघेवरची धूळ पुसली. "चौदा वर्षं झाली, अजून उडाली नाही," म्हणाला. पैसे विचारले तर म्हणाला, पुन्हा ओढायची वेळ आली की ये.

महामार्ग सुटला. ओगलेवाडी आली. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचं हे गाव; एके काळी घरोघरी लागणारा प्रभाकर कंदील इथला. शेणोलीपासून पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळदीचं शेत, गुऱ्हाळाचा वास. या रस्त्यावर जावाचा आवाज आपोआप सुधारतो असं काका म्हणत. खरं कारण साधं आहे. चाळीस-पन्नासच्या वेगाला, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ही गाडी सगळ्यात सुखात असते, आणि हा रस्ता त्याहून वेगानं जाऊच देत नाही.

ताकारीच्या अलीकडे-पलीकडे वस्तीवस्तीला वेल्डिंगची दुकानं दिसतात. इथून थोडं आत देवराष्ट्रे. यशवंतरावांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. २०२१ च्या डिसेंबरात ते आणखी एका कारणानं देशभर गाजलं. तिथल्या एका कारागिरानं मुलाच्या हौसेखातर भंगारातले भाग जोडून छोटी चारचाकी जीप बनवली आणि तिला मोटरसायकलसारखी किक बसवली. खर्च साठ हजारांच्या घरात. आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहून त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती त्या कुटुंबाला दिलीही. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं. काकांनी बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांना किकच्या जोडणीत रस होता. चारचाकीत किक बसवायची तर दांडा कुठून बाहेर काढला असेल, याचं चित्र त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर काढलं आणि रात्री जेवताना मुलीला फोन करून समजावून सांगितलं. त्यांना त्यात चमत्कार वाटला नाही, कारण असे लोक त्यांच्या ओळखीत पुष्कळ होते.

ते ओळखीत असण्याचं मोठं कारण पुढच्याच गावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. दुचाकीपासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे गेले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. निवडुंगानं भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे शेतकऱ्यांची पोरं फिटर झाली, टर्नर झाली, ओतारी झाली. त्यातल्या कितीजणांनी पुढे गावी जाऊन आपलं वर्कशॉप घातलं, त्याची गणती कुणी केलेली नाही. पण या रस्त्यावरून दुचाकीनं गेलं की ती दुकानं दिसत राहतात. कारखाना म्हणजे नुसता माल काढणारी इमारत नव्हे, आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांचा हात तो घडवतो. काकांसारखा माणूस अशा मातीतच निपजतो, असं माझं ठाम मत आहे.

पलूस एमआयडीसीत अशाच एका छोट्या शेडमध्ये हायड्रॉलिक प्रेस आहे. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्या मध्ये दाबून बसवलेली पिन, तिच्यावर कनेक्टिंग रॉड. रॉडचं बेअरिंग गेलं की सगळं प्रेसवर सोडवायचं, नवीन घालून पुन्हा दाबायचं आणि मग खरी परीक्षा. दोन्ही चकत्या एका रेषेत आल्या का ते डायल गेज लावून बघायचं. काटा शतांश मिलिमीटरात हलतो. थोडा जरी बाक राहिला तर गाडी हँडलमध्ये थरथरते आणि बेअरिंग पुन्हा खाते. तांब्याच्या हातोड्यानं एक टोला, पुन्हा गेज, पुन्हा टोला. काका आणि तो प्रेसवाला यात अख्खी दुपार घालवत, आणि दोघांमध्ये बोलणं जवळपास नसे. जावा बाहेर लावली तसा तो आवाजावरूनच बाहेर आला. "डाव्या बाजूचं सील बघून घ्या," एवढं म्हणाला. त्याचं खरं होतं. मागे निळसर पांढरा धूर थोडा जास्त येत होता. क्रँकचं डावं सील सैल पडलं की टू-स्ट्रोक इंजिन गिअरबॉक्सकडचं ऑइल ओढून जाळू लागतं.

भिलवडीत १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा उभा केला. या भागात दुधाच्या किटल्या वाहून नेणारी गाडी जावा नव्हे, राजदूत. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीच्या घडणीवरून काढलेली, १७५ सीसी वर्गातली, वजनाला न डगमगणारी. काकांनी राजदूतही खूप केल्या, पण त्या साताऱ्यात नाहीत. त्या सांगलीत केल्या, २०१९ च्या महापुरानंतर.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ताईच्या घराचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर माणसं घरात शिरली ती चिखल उपसायला. काका साताऱ्याहून आले ते पान्ह्यांची पेटी, प्लग आणि डिझेलचा कॅन घेऊन. पहिल्याच सकाळी त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन एकच गोष्ट सांगितली: "गाडीला किक मारू नका." बुडालेल्या गाडीचा मालक आधी तेच करतो, आणि तिथेच गाडी मरते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दबत नाही, रॉड वाकतो. टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टनखालची क्रँकची पोकळीही गाळानं भरलेली असते. आधी प्लग काढायचा, पाणी निथळू द्यायचं, डिझेलनं पुन्हा पुन्हा धुवायचं, ऑइल बदलायचं, आणि हे सगळं बेअरिंगला गंज धरायच्या आत. जुन्या राजदूत, लुना, प्रिया, एक बुलेट. गल्लीच्या तोंडाशी ताडपत्री बांधून काका आणि ताई रात्री उशिरापर्यंत काम करत होते. टॉर्च आता जावयाच्या हातात होता. ज्यांचं सगळं घर गेलं होतं त्यांच्यासाठी दूध घालायची गाडी सुरू होणं म्हणजे दुसऱ्या दिवशीची कमाई सुरू होणं, हे काका जाणून होते. म्हणून त्यांनी सगळ्यात आधी दूधवाल्यांच्या गाड्या घेतल्या आणि हौशी लोकांची बुलेट शेवटी.

वसगडे, नांद्रे ओलांडून उन्हं कलताना सांगलीत पोचलो. ताई दारातच उभी होती. तिनं आधी सायलेन्सरच्या टोकाला बोट लावून काजळी पाहिली. "सील," म्हणाली. पलूसच्या माणसाचं निदान मी तिला सांगितलेलंही नव्हतं.

रात्री कागदपत्रांची फाइल निघाली. मालक वारल्यानंतर वारसाच्या नावावर गाडी करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. तो ताईनं आधीच भरून ठेवला होता. मी २०२१ च्या नियमांची आठवण काढली. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला आता व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. काकांची जावा त्यात सहज बसली असती. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. काकांनी हे वाचलं होतं आणि नको म्हटलं होतं. ते दर पाच वर्षांनी फिटनेस करून साधी नोंदणीच चालू ठेवत, आणि जावावरून काकूंना घेऊन राजवाड्यावर भाजीला जात. ताईही तेच करणार आहे. जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाले देशभर आपला दिवस म्हणून पाळतात; त्या दिवशी ती गाडी घेऊन साताऱ्याला येईल, आणि इतर दिवशी सांगलीत मुलाला शाळेत सोडेल.

तिच्या मागच्या पडवीत एक राजदूत सांगाड्यावर होती. महापुरात वाचलेली, पण बेअरिंगला आता आवाज आलेली. क्रँक काढून गोणपाटात बांधून ठेवला होता. मला परत रेल्वेनंच जायचं होतं, तर तो वाटेत देऊन जा, असं ताईनं सुचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं किर्लोस्करवाडीला उतरलो आणि रिक्षानं पलूसच्या शेडवर गेलो. प्रेसवाल्यानं गोणपाट सोडलं, रॉड वर-खाली हलवून पाहिला, पिनेचं माप घेऊन ते भिंतीवर खडूनं लिहिलं. त्याच भिंतीवर वर कुठेतरी काकांच्या अक्षरातली मापंही होती.

"शनिवारी होईल," तो म्हणाला. "ताईंना सांगा, गेज लावायच्या वेळी स्वतः या."